काळीज हलते तेव्हा

आपल्या भाषेत काळीज ही वस्तू एका जागी स्थिर म्हणून कधी राहतच नाही. वाईट बातमी कानी आली की ते लकाकन हलते, जत्रेत मूल क्षणभर दिसेनासे झाले की ते उडते, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तर सकाळपासून ते खालीवर होत राहते. मी पेशाने गणिताचा मास्तर. परंतु लहान गावच्या शाळेत गणिताच्या मास्तरासही मराठीचे तास घ्यावे लागतात, आणि त्यामुळे ह्या वाक्प्रचारांचा ‘वाक्यात उपयोग’ मी मुलांकडून वर्षानुवर्षे करवून घेतलेला आहे. तो करवून घेताना काळीज म्हणजे छातीतले हृदय, अशीच माझी आणि मुलांची समजूत असे. वस्तुतः खाटकाच्या दुकानी कलेजी म्हणून जे मिळते ते यकृत होय, आणि आपला काळीज हा शब्द त्याच कुळातला आहे. भीती, माया आणि धैर्य ह्यांचे बिऱ्हाड आपल्या पूर्वजांनी यकृतात मांडले होते असे दिसते; पुढे केव्हातरी ते तेथून उठून छातीत डावीकडे राहावयास गेले.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला असे कळले की हे वाक्प्रचार अक्षरशः खरे आहेत. काळीज हलते. त्यास वाईट बातमीची गरज लागत नाही. ते मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, आपण जेवताना, बोलताना, झोपलेले असताना अव्याहत हलत असते, आणि ते किती हलते हे मिलिमीटरात मोजून देणारी माणसेही ह्या जगात आहेत. माझे अठरा मिलिमीटर हलते.

ह्यातले शरीरशास्त्र अवघड नाही. यकृत उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या अगदी खाली, जणू त्या पटलाला टांगल्यासारखे असते. आपण श्वास आत घेतो तेव्हा हे पटल खाली उतरते आणि सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव त्याच्याबरोबर पोटाकडे सरकतो. श्वास सोडला की दोघेही वर येतात. शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाचे यकृत एक ते अडीच सेंटिमीटर इतके खालीवर होते, आणि दीर्घ श्वास घेतला तर त्याहूनही पुष्कळ अधिक. निरोगी माणसास ह्या माहितीचा काडीइतका उपयोग नाही. परंतु त्या हलत्या यकृतात चार सेंटिमीटर व्यासाची एक गाठ असली, आणि तिच्यावर बाहेरून किरणांचा नेम धरावयाचा असला, म्हणजे मात्र ह्या माहितीवाचून दुसरे काहीच महत्त्वाचे उरत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या यकृतात अशी गाठ असल्याचे उघडकीस आले. हिपॅटायटिस ‘ब’ नावाचे विषाणू माझ्या शरीरात कित्येक वर्षे भाडे न देता राहत होते, आणि त्यांनी मुक्कामाच्या जागेची इतकी नासाडी केली होती की सारे यकृत निबर होऊन गेले होते. ते शरीरात कोठून आणि केव्हा शिरले हे आता सांगता यावयाचे नाही, असे डॉक्टर म्हणाले. जन्मतः आईकडून येतात, रक्तातून येतात, नीट न उकळलेल्या सुईतून येतात. मला स्वतःला ह्या अनिश्चिततेचे फारसे दुःख झाले नाही. परंतु आमच्या पेठेतील मंडळींस तिचा भारी उपयोग झाला. यकृताचा विकार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम बाटली उभी राहते. जन्मभर चहापलीकडे ज्याने काही घेतले नाही त्या माझ्याकडे काही सद्गृहस्थ अशा नजरेने पाहू लागले, की इतके दिवस मास्तरांनी आपल्याला चांगलेच फसविले! एकाने तर सहानुभूतीच्या भरात माझा हात हाती घेऊन, “आता तरी सोडा,” असे सांगितले. मी सोडण्याचे कबूल केले. काय सोडावयाचे ते त्याने सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नाही.

गाठ कापून काढावी असे प्रथम निघाले. निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग कापला तरी उरलेला भाग पुन्हा वाढतो. ह्या बाबतीत इतके उदार इंद्रिय दुसरे नाही. परंतु माझे यकृत ह्या औदार्याला मुकलेले होते. कापलेले भरून निघेल अशी हमी नव्हती. सुई खुपसून गाठ जाळण्याचा दुसरा मार्ग असतो, पण त्यास ती मोठी होती, शिवाय श्वासपटलाला लागून वर दडून बसलेली होती. उरला तो किरणोपचार. दिवसाआड एक अशा पाच बैठका, आणि दर बैठकीस आठ ग्रे इतकी मात्रा. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप आहे. साध्या किरणोपचारात दररोज सुमारे दोन ग्रे देत पाच-सहा आठवडे काढतात. येथे चारपट मात्रा एकेका दिवशी द्यावयाची होती. अर्थात नेम चुकता कामा नये, ही अट तिच्या पोटातच आली.

किरणांचा शोध राँटगेनने १८९५ साली लावला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांनी कर्करोगावर उपचार होऊ लागले. तरी यकृताच्या वाटेला हे शास्त्र दीर्घकाळ जात नसे. कारण असे की, सबंध यकृतास रोज थोडीथोडी करून तीस ग्रेच्या आसपास मात्रा सोसते. त्यापलीकडे ते बिघडू लागते, आणि गाठ मारावयास तर त्याहून बरीच अधिक मात्रा लागते. म्हणजे गाठीपुरतेच जाळावयाचे आणि बाकीचे राखावयाचे, हाच एक मार्ग. पण गाठ एका जागी असेल तर ना! ती हलते म्हणून तिच्या येण्याजाण्याची सारी वाट किरणांखाली घ्यावी लागे.

मी ह्याचे गणित मांडून पाहिले. रोग कितीही गंभीर असो, मास्तराची खोड जात नाही. गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिलेले वाक्य. गाठीची त्रिज्या दोन सेंटिमीटर. तिचे घनफळ सुमारे साडेतेहतीस घनसेंटिमीटर आले. गाठीभोवती अर्ध्या सेंटिमीटरची मोकळीक ठेवून नेम धरला तर त्रिज्या अडीच होते आणि घनफळ पासष्टवर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि हालचालीच्या धास्तीने सर्व बाजूंनी दोन सेंटिमीटरची मोकळीक ठेवावी, तर घनफळ दोनशे अडुसष्ट! आठपट. गाठीच्या आठपट प्रदेश जाळून त्यातला एक भाग शत्रूचा आणि सात भाग आपले. वर्गात हे उदाहरण सोडविताना मुलांना ते केवळ कंटाळवाणे वाटे. माझ्याजवळ राहिलेल्या धडक्या यकृतातून हे सात भाग वजा करावयाचे आहेत, अशा दृष्टीने पाहिले तेव्हा घनाचा हा नियम किती निर्दय आहे हे मला प्रथमच कळले. श्वासाची ये-जा आवरण्यासाठी डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ एवढी धडपड का करतात, ह्याचे उत्तर त्या तीन आकड्यांत आहे.

ह्या धडपडीचा इतिहास मी पुढे सवडीने वाचला, आणि तो वाचताना मला वारंवार माझे सहकारी आठवले. चुळबुळ करणारा वर्ग ताब्यात ठेवण्याच्या शिक्षकांच्या ज्या तऱ्हा असतात, त्या सर्व ह्या शास्त्रात सापडतात.

पहिली तऱ्हा दाबून बसविण्याची. लार्स लेक्सेल ह्या मेंदूच्या शल्यवैद्याने डोक्यास चौकट जखडून अनेक दिशांनी एका बिंदूवर किरण सोडण्याची कल्पना १९५१ साली मांडली होती. डोके हा त्या मानाने शहाणा विद्यार्थी. आत विचारांचे कितीही थैमान चालले असले तरी कवटीतला मेंदू जागचा हलत नाही. पोटाचे तसे नाही. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात ब्लोमग्रेन आणि लाक्स ह्या दोघांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी सबंध धडासाठी चौकट तयार केली, आणि रुग्णाच्या पोटावर एक पाटी दाबून बसविली, म्हणजे श्वास उथळ होतो व यकृत थोडे हलते. आज जगभर चालणाऱ्या ह्या उपचाराचा आरंभ तेथे झाला.

दुसरी तऱ्हा वाट पाहण्याची. काही शिक्षक मुलांवर ओरडत नाहीत. गलबला आपोआप ओसरण्याचा क्षण येतो, तेवढ्यात ते आपले वाक्य बोलून घेतात. जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला, की श्वासाच्या एका ठराविक टप्प्यात गाठ आली की यंत्र चालू व्हावे आणि ती तेथून सरकली की बंद पडावे. पुढे होक्काइदो येथील शिरातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीजवळ सोन्याचा लहानसा मणी ठेवून, तो क्ष-किरणांनी अखंड पाहत राहावयाचे आणि तो नेमक्या जागी येताच किरण सोडावयाचे, अशी योजना सिद्ध केली.

तिसरी तऱ्हा पाठलागाची. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात ॲडलर ह्या शल्यवैद्याने यंत्रमानवाच्या हातावर किरणयंत्र चढविले, आणि कालांतराने हा हात श्वासाबरोबर गाठीच्या मागोमाग डोलू लागला. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे २०१७ पासून तर असे यंत्र चालले आहे की जे चुंबकाच्या साहाय्याने, किरण सोडता सोडताच, पोटातील चित्र पाहत राहते.

आणि चौथी तऱ्हा मुलालाच वर्गनायक करण्याची. मिशिगनमध्ये जॉन वाँग ह्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ साली अशी झडप वर्णन केली की जी ठरलेल्या क्षणी रुग्णाचा श्वास थोडा वेळ थांबवून धरते. बटण मात्र रुग्णाच्याच हाती, त्याने ते सोडले की झडप उघडते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये असा दंडकच घालून दिला, की गाठीची हालचाल पाच मिलिमीटरहून अधिक असेल तर ह्यापैकी कोणता ना कोणता उपाय योजावा. माझे अठरा, तेव्हा मला सूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

हे अठरा मोजले कसे, तेही सांगितले पाहिजे. प्रथम गाठीच्या शेजारी सोन्याच्या तीन बारीक काड्या सुईवाटे बसविण्यात आल्या. तांदळाच्या कणीहून त्या मोठ्या नसतील. यकृत आणि गाठ सभोवतालच्या मांसासारखीच करडी दिसतात, सोने मात्र चित्रात ठळक उमटते. घरी आल्यावर सौ. काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “अहो, लोक सोने अंगावर घालतात. तुम्ही ते पोटात घालून आलात, म्हणजे मागायची सोय नाही!” त्या दिवसांत आमच्या घरी कोणी हसले असेल तर ते ह्या एका वाक्याला.

काड्या जागी रुळाव्यात म्हणून आठवडाभर थांबून नंतर आलेखनाचा दिवस आला. बारीक मण्यांनी भरलेल्या एका गादीवर मला हात डोक्यावर घेऊन निजविले आणि तिच्यातील हवा काढून घेतली. ती माझ्या पाठीच्या घाटाची होऊन दगडासारखी घट्ट झाली. पोटावर एक हलका ठोकळा ठेवला. त्याच्यावरचे चकचकीत ठिपके एक कॅमेरा पाहत होता, आणि माझा श्वास पडद्यावर लाटेसारखा उमटत होता. मग सीटी स्कॅनच्या यंत्राने माझी पुष्कळ चित्रे घेतली आणि लाटेच्या कोणत्या भागात कोणते चित्र घेतले त्याप्रमाणे ती दहा गठ्ठ्यांत लावली. ह्यास चतुर्मित स्कॅन म्हणतात. तीन मिती अवकाशाच्या आणि चौथी काळाची. ह्या चौथ्या मितीविषयी मी तरुणपणी मोठ्या उत्साहाने व्याख्याने दिली होती. तिची प्रत्यक्ष भेट पोटावर ठोकळा ठेवून उताणे पडल्यावर होईल असे मात्र वाटले नव्हते.

त्यांनी मला ती चित्रे एकामागून एक चालवून दाखविली. करड्या पडद्यावर एक मोठी सावली खाली जाई, वर येई. खाली जाई, वर येई. तिच्यात तीन पांढरे बिंदू होते. मी त्या दिवशी घाबरलेला होतो, अपमानितही झालो होतो, कारण वस्त्रे काढून परक्यांसमोर निजणे हे कोणत्याही वयात अपमानास्पदच वाटते. परंतु ती सावली पाहता पाहता माझा राग मावळला. जन्मापासून एक क्षणही न थांबता हे चालले आहे आणि आपण त्याची कधी चौकशीही केली नाही, असे काहीसे मनात आले.

पोटावर पट्टा आवळून पाहिला. तो मला सोसला नाही. तेव्हा माझ्यासाठी श्वास थांबविण्याची पद्धत ठरली, आणि तोही आत घेऊन नव्हे, बाहेर सोडून. श्वास भरून घेतला तर माणूस अधिक वेळ थांबू शकतो, मग रिकाम्या छातीने का थांबावयाचे? तेथील तरुण भौतिकशास्त्रज्ञ मुलीने ह्याचे कारण मला सांगितले. श्वास घेताना स्नायू ओढावे लागतात, आणि दर वेळी ते सारखेच ओढले जातील असे नाही. श्वास सोडून दिला की सारे सैल पडते, आणि सैल पडलेली वस्तू बहुतेक त्याच जागी येऊन थांबते. उगारलेला हात दर खेपेस निराळ्या उंचीवर जातो, पण सोडलेला हात त्याच ठिकाणी लोंबतो. इतके स्वच्छ उत्तर मला माझ्या परीक्षकपणाच्या काळात फारच थोड्या उत्तरपत्रिकांत आढळले होते.

ह्या ठिकाणी मला वडिलांची आठवण आल्यावाचून राहिली नाही. आठव्या वर्षी मुंज झाल्यावर त्यांनी मला संध्या शिकविली. पूरक म्हणजे श्वास घेणे, कुंभक म्हणजे धरणे, रेचक म्हणजे सोडणे. आणि सोडल्यावर जो थांबावयाचा तो बाह्य कुंभक. मी नाकाला बोट लावल्यासारखे करी आणि पळ काढी. आता मुंबईच्या एका रुग्णालयाच्या तळघरात, कोट्यवधी रुपयांच्या यंत्राखाली, तोच बाह्य कुंभक माझ्याकडून करवून घेतला जात होता. आमच्या एका स्नेह्यांनी हे ऐकताच, “पाहा, आपल्या ऋषींना हे सारे ठाऊक होते,” असा निष्कर्ष तत्काळ काढला. माझे मत तसे नाही. ऋषींना श्वास ठाऊक होता. यकृतातील गाठ आणि साठ लक्ष व्होल्टांचे किरण त्यांना ठाऊक नव्हते, आणि असल्याचा त्यांनी कधी दावाही केलेला नाही. जे त्यांचे आहे ते त्यांना द्यावे आणि जे लाक्सचे व वाँगचे आहे ते त्यांना द्यावे, ह्यात कोणाचीच मानखंडना होत नाही.

प्रत्यक्ष उपचाराचा क्रम असा असे. तीन-चार तास उपाशी राहून जावयाचे, कारण भरलेले जठर यकृताला ढकलते. गादीवर निजल्यावर यंत्र माझ्याभोवती एक फेरा घेऊन आतले चित्र काढी. ते आलेखनाच्या दिवशीच्या चित्राशी ताडून पाहत, आणि मेज दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे सरकवीत. हाडे जुळली म्हणून यकृत जुळले असे नसते. पाठीच्या कण्याच्या मानाने ते एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी काही मिलिमीटर निराळ्या जागी थांबते. म्हणून सोन्याच्या काड्या. मग सर्व जण बाहेर जात, जाड दरवाजा लागे, आणि ध्वनिक्षेपकातून आवाज येई: “काका, श्वास घ्या... सोडा... थांबा.” डोळ्यांपुढच्या लहान पडद्यावर एक हिरवा पट्टा असे, माझ्या श्वासाची रेघ त्या पट्ट्यात टेकली की किरण सुरू होत, आणि केसभर बाहेर गेली की यंत्र आपण होऊन बंद पडे. पंधरा-वीस सेकंद थांबावयाचे, मग विसावा, मग पुन्हा. एका बैठकीत असे दहा-बारा वेळा.

पहिल्या दोन बैठका ठीक पार पडल्या. प्रतीक्षागृहात माझी खानदेशातील एका शेतकऱ्याशी ओळख झाली होती. वय जेमतेम पंचेचाळीस. दोन मुली, धाकटी सातवीत. मी गणिताचा मास्तर आहे हे कळल्यावर धाकटीच्या अपूर्णांकांची त्याला स्वतःच्या दुखण्याहून अधिक काळजी असल्याचे त्याने मला सांगितले, आणि “गुरुजी, हे उरकलं की तिला दोन दिवस तुमच्याकडे धाडतो,” असा बेतही केला. तिसऱ्या दिवशी तो तेथे होता, पण कपडे बदलून बसलेला नव्हता. त्याच्या रक्तातील कावीळ वाढली होती, आणि अशा यकृतास किरण सोसत नाहीत म्हणून उपचार सुरूच करता येत नव्हते. हे सांगताना तो रडला नाही. “तुमचा नंबर लागला, गुरुजी,” एवढे म्हणून त्याने माझी पिशवी आपल्याजवळ धरून ठेवली.

त्या दिवशी माझी रेघ हिरव्या पट्ट्यात टेकेना. टेकली तर टिकेना. श्वास सोडून मी निकराने थांबावयास जाई, आणि पोट थरथरून रेघ वर उडे. काळीज हलते म्हणजे काय हे मला त्या वेळी भौतिकशास्त्राच्या आणि मराठी भाषेच्या अशा दोन्ही अर्थांनी दिसत होते. पंधरा मिनिटे अशी गेल्यावर दरवाजा उघडला आणि ती मुलगी आत आली.

“काका, रात्री झोप झाली नाही का?”

“झाली की. आताच जरा...” मला पुढे बोलवेना.

तिने कारण विचारले नाही. कदाचित तिला ते माहीत असावे. ती म्हणाली, “तुम्ही श्वास धरायला जाता आहात, म्हणून पोट ताठ होतं. धरू नका. नुसता सोडा, आणि पुढचा लगेच घेऊ नका. एवढंच करायचं आहे.”

ह्या दोहोंत फरक तो काय, असे कोणीही म्हणेल. मीही मनात म्हटले. पण पुढच्या खेपेस मी काही धरले नाही. श्वास गेला तसा जाऊ दिला, आणि पुढचा जरा दाराबाहेर थांबविला. रेघ पट्ट्यात येऊन पडली. बाहेरून कोणीतरी वीसपर्यंत अंक मोजीत होते. त्या वीस अंकांत मला गाठ आठवली नाही, यंत्र आठवले नाही. एवढेच जाणवले की आत सारे एका जागी आहे, आणि ह्या क्षणी एखाद्या गोष्टीचा नेम धरता येईल.

उपचार संपले त्यास आता दोन वर्षे होऊन गेली. गाठ मेली असे डॉक्टर म्हणत नाहीत. प्रथम ते “वाढलेली नाही” असे म्हणत. पुढे “लहान झाली आहे” असे म्हणू लागले. यापुढे काय म्हणतील ते दर तीन महिन्यांच्या चित्रांवर अवलंबून आहे. विषाणूंवरचे औषध रोज घ्यावे लागते, आणि निबर झालेल्या यकृतात दुसरीकडे नवी गाठ उगवू शकते, हेही त्यांनी माझ्यापासून लपविलेले नाही. ह्या उपचाराने आयुष्य किती वाढते, असे मी एकदा स्पष्टच विचारले. माझ्याहून पुढच्या अवस्थेतील रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष त्यांनी मला सांगितले. ते २०२५ मध्ये छापून आले आहेत. केवळ गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १२.३ महिने, आधी असे किरण घेऊन मग गोळ्या घेणाऱ्यांचे १५.८. “तुमची स्थिती त्यांच्याहून बरी आहे, तेव्हा हे आकडे तुम्हांला लागू नाहीत,” असे त्यांनी लगेच जोडले.

लागू नसलेले आकडेही माणूस घरी घेऊन येतो. साडेतीन महिने! मध्यकाची व्याख्या मी शेकडो मुलांना पाठ करून घ्यायला लावली आहे: निम्मे ह्या बाजूस, निम्मे त्या बाजूस. ज्याच्या हाती उदंड आयुष्य आहे त्यास साडेतीन महिने ही थट्टा वाटेल. परंतु साडेतीन महिन्यांत एक सत्र उरकते. पेरलेली बाजरी कापणीला येते. सातवीतल्या मुलीला अपूर्णांकांचे चारही प्रकार, मन लावून शिकविले तर, उत्तम येऊ शकतात. त्यांतले काही मला परिचित आहे म्हणून लिहितो. खानदेशातील तो गृहस्थ त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेला. त्याची धाकटी मुलगी पुढे उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे येऊन राहिली, दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि तीन आठवडे राहिली. छेदांचा लघुतम साधारण विभाज्य काढताना ती श्वास रोखून धरते. मी तिला म्हणतो, “धरू नकोस. सोड, आणि मग लिही.”

ह्या सगळ्यातून मी काही मोठे तत्त्वज्ञान घेऊन आलो असे नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाने तत्त्वज्ञ व्हावे अशी लोकांची अपेक्षा असते, आणि ती पुरी करण्याचा मोह मी पाहुण्यांसमोर अधूनमधून आवरू शकत नाही. पण लिहिताना खरे लिहावे. माझ्यात फरक पडला आहे तो इतकाच, की मला आता दोन श्वासांच्या मधली जागा दिसते. सोडलेला श्वास आणि घ्यावयाचा श्वास ह्यांच्यामध्ये एक लहानसा थांबा असतो. त्यात छाती, पोट, काळीज सारे आपापल्या घरी आलेले असते. तो सर्वांस असतो, दिवसातून वीस हजार वेळा असतो, आणि बहुधा कोणाच्याही ध्यानात येत नाही.

रात्री झोप मोडली की मी पडल्या पडल्या तो शोधतो. सौ. शेजारी झोपलेली असते. तिचा श्वास बाहेर येतो, थांबतो, आणि पुढचा येईपर्यंत मी मनातल्या मनात अंक मोजतो. एक, दोन. कधी तीनपर्यंत मजल जाते. मग तो येतो, आणि मी कूस बदलून पुन्हा झोपी जातो.